चित्र बघू की जीव वाचवू?

'कपहेड' हा व्हिडिओ गेम खेळलेल्या माणसाला त्याचं मत विचारा. आधी तो चित्रांवर बोलेल. काय काढलंय, काय रंगवलंय, कुठेही थांबवावं आणि चौकटीत बसवून भिंतीवर लावावं. मग सूर बदलतो. अवघड फार आहे हो. दुसऱ्या बेटाच्या पुढे आम्ही काही गेलो नाही, शेवट यूट्यूबवर बघून घेतला. क्वचित एखादा सांगतो की सैतानाला हरवलं, आणि मग बाकीच्यांकडे जरा वरूनच बघतो. २०१७ साली हा गेम आला तेव्हापासून त्याच्यावरची मतं मी ऐकतेय, स्वतःही देतेय, आणि एवढ्या वर्षांत हा क्रम काही बदललेला नाही. चित्रं सुंदर, गेम कठीण. चित्रकारानं आपलं काम चोख केलं आणि नंतर कुणीतरी भलत्यानंच येऊन त्यात काटे पेरले, असं ऐकणाऱ्याला वाटावं.

मला हे पटत नाही. या गेममधलं चित्र आणि त्यातली अडचण एकाच पेन्सिलीतून आलीय, असं माझं म्हणणं आहे. आणि ते कुठल्या लेखातून उचललेलं नाही, मार खाता खाता तयार झालंय.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. कपहेड आणि मगमॅन हे दोघे भाऊ. डोक्याच्या जागी कप, कपात स्ट्रॉ, एकाची लाल पट्ट्यांची, दुसऱ्याची निळ्या. शाईच्या बेटांवर एका म्हाताऱ्या किटलीच्या देखरेखीखाली राहतात. सैतानाच्या जुगारअड्ड्यात शिरतात, जिंकत सुटतात, हाव नडते, शेवटचा फासा उलटा पडतो आणि दोघांचे आत्मे गहाण पडतात. सुटकेची अट अशी की सैतानाचे जे जे कर्जदार तोंड चुकवत फिरतायत त्यांच्याकडून करारनामे वसूल करून आणायचे. थोडक्यात, आपले नायक वसुलीवाले. (हे फारसं कुणी बोलून दाखवत नाही, पण त्या कर्जदारांची मला अधूनमधून दया येते. त्यांनीही कधीतरी असाच एक फासा टाकला असणार.) कर्जदार कोण कोण, तर दात विचकणारं फूल, मुष्टियुद्ध खेळणारी बेडकांची जोडी, स्वतःच झेपलिन होऊन उडणारी बाई, मधमाशांची राणी, मिठायांच्या किल्ल्यातली सरदारीण. गेमचा मोठा भाग म्हणजे यांच्याशी एकामागून एक लढाया. मध्ये थोड्या पळत-गोळ्या झाडत पुढे जायच्या लेव्हल आहेत, त्यांच्याकडे पुढे येते. तीन वेळा लागलं की खेळ खलास, पुन्हा पहिल्यापासून.

दिसायला हे सगळं १९३०च्या दशकातल्या अमेरिकन कार्टूनसारखं दिसतं आणि त्यासाठी जे केलंय ते वेडेपणाचंच आहे. चॅड आणि जॅरेड मोल्डेनहॉवर हे कॅनडातल्या रिजायना गावचे दोन सख्खे भाऊ. २०१०च्या सुमारास फावल्या वेळात ते हे करायला बसले. डोक्यात होती लहानपणी पाहिलेली फ्लाइशर स्टुडिओची कार्टून्स. बेटी बूप, पॉपाय, हाडंच नसल्यासारखे लवचीक हातपाय आणि दिसेल त्या निर्जीव वस्तूला डोळे. नायकाचा चेहरा मात्र वेगळ्याच ठिकाणाहून आला. १९३६ सालच्या एका जपानी प्रचारपटात डोक्याच्या जागी चहाचा कप असलेला एक माणूस रणगाडा होतो. ते पाहून कपहेड सुचला. २०१४च्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात त्याची काही सेकंदांची झलक दिसली, लोक हरखले, आणि भावांनी नोकऱ्या सोडल्या, घरांवर कर्ज काढलं, माणसं वाढवली. म्हणजे कर्जदारांवरचा गेम कर्ज काढून झाला.

पद्धत जुनीच ठेवली. पेन्सिलीनं कागदावर काढायचं, शाईनं गिरवायचं, मग स्कॅन करायचं. शाईचं पुष्कळसं काम चॅडची बायको मारिया हिनं केलं. तिला सगळे माया म्हणतात. पार्श्वभूमी जलरंगात, हातानं. फक्त पात्रांचे रंग फोटोशॉपमध्ये भरले, कारण तेही पारदर्शक शीटवर भरत बसले असते तर गेम अजून यायचाच असता. एका सेकंदाला चोवीस चित्रं, आणि प्रत्येक वेगळं. सगळी मिळून पन्नास हजारांच्या घरात भरली आणि गिनीजच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. संगीत क्रिस्टोफर मॅडिगन यांचं. ते कॅनडाच्या नॅशनल बॅलेच्या वाद्यवृंदात तालवाद्यं वाजवायचे. त्यांनी बिग बँड आणि रॅगटाइम खऱ्या वादकांकडून वाजवून घेतलं. २९ सप्टेंबर २०१७ ला गेम आला, पहिल्या दोन आठवड्यांत दहा लाख प्रती गेल्या आणि वर्षअखेरीस कलादिग्दर्शनासकट तीन गेम अवॉर्ड्स मिळाले.

आमच्या घरी हा गेम धाकट्या भावानं आणला. लॅपटॉप टीव्हीला जोडून, दोन कंट्रोलर. तो कपहेड, मी मगमॅन. ही वाटणी त्यानं परस्पर करून टाकली. मागे सोफ्यावर आई.

आणि इथे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की या गेमवरची मतं हातात कंट्रोलर आहे की नाही यावर ठरतात. आईला गेम अतिशय आवडला. तिला मागचे डोंगर दिसायचे, ढग दिसायचे, पडद्यावर मुद्दाम ठेवलेले जुन्या फिल्मचे ओरखडे आणि ठिपके दिसायचे. "अगं, त्या फुलाच्या मागे बघ, झाडालाही तोंड आहे का?" मी काय बघणार, मला त्या क्षणी फक्त माझ्याकडे येणाऱ्या बिया दिसत होत्या. तासभर त्याच जागी लढूनही मागे काय रंगवलंय हे मला सांगता आलं नसतं. सोफ्यावरच्या माणसाचा गेम आणि गालिच्यावरच्या माणसाचा गेम वेगळा होता. नेटवर 'कपहेड'ची स्तुती करणाऱ्यांत सोफ्यावरचे पुष्कळ आहेत असा मला संशय आहे. त्यात वाईट काही नाही. दुसरा खेळतोय हे बघायला इतका मजेशीर गेम माझ्या पाहण्यात नाही.

पहिल्याच लढाईत आईनं मत दिलं. भाजीच्या वाफ्यात आधी बटाटा येतो, मातीची ढेकळं थुंकतो. तो पडला की कांदा वर येतो आणि रडायला लागतो, त्याच्या अश्रूंचे थेंब वरून आपल्यावर. आई म्हणाली, "तो बिचारा हसत आला होता. तुम्हीच आधी मारलंत." भाऊ हसला. पुढे कधीतरी त्यानं खरंच कांद्याला एकही गोळी मारली नाही, आणि कांदा खूश होऊन आपला आपण निघून गेला! गेममध्ये हे लपवून ठेवलंय. बदल्यात शेवटच्या टप्प्यात गाजराच्या जोडीला मुळा येतो, म्हणजे दया दाखवली तरी फुकट काही मिळत नाही. पण आधी मारलं कुणी, हे तिला सोफ्यावरून दिसलं होतं.

मी मात्र सुरुवातीला फक्त गोळ्या बघायचे. वरून काय येतंय, खालून काय येतंय, चुकव, उडी मार, मेले. भाऊ वैतागून म्हणायचा, "ताई, गोळी बघू नकोस. त्याचा हात बघ." हे वाक्य मला खूप उशिरा कळलं आणि या गेमबद्दल मला जे काही सांगायचंय ते त्यातच आहे.

हातानं काढलेल्या ॲनिमेशनमध्ये कुठलीही हालचाल एकदम सुरू होत नाही. आधी तिची तयारी दिसते. मांजर झेप घेण्याआधी मागचे पाय जागच्या जागी हलवतं, तसं. ठोसा मारायचा तर आधी खांदा मागे जातो, फुंकायचं तर आधी गाल फुगतात, आणि फ्लाइशरच्या काळातले चित्रकार ही तयारी इतकी ताणून काढायचे की पात्र अर्धं अंग वळवूनच कामाला लागायचं. कार्टूनमध्ये ती हसवण्यासाठी असते. 'कपहेड'मध्ये तीच सूचना होते. निळा जेलीचा गोळा मूठ उगारण्याआधी सगळा मागे खेचला जातो, तेवढ्या वेळात तुम्ही खाली वाकायचं. फूल बिया उधळण्याआधी चेहरा वर करतं. बेडूक तोंड कसं उघडतो यावर काय बाहेर पडणार ते ठरलेलं. गुलाबी रंगाची वस्तू दिसली तर ती चुकवायची नाही, हवेत असताना तिच्यावर पुन्हा उडी मारून टपली द्यायची. कुठे बाण नाही, लुकलुकणारं चिन्ह नाही, 'आता वाक' अशी पाटी नाही. जे सांगायचं ते चित्रच सांगतं, आणि चोवीस चित्रांमध्ये सांगून मोकळं होतं.

म्हणून चित्र बघायला वेळ मिळत नाही ही तक्रार मला आता अर्धीच खरी वाटते. मागचे डोंगर बघायला मिळत नाहीत, कबूल. पण त्या फुलाच्या चेहऱ्याकडे मी जितकं बघितलंय तितकं कुठल्याही चित्रप्रदर्शनात कुठल्याही चित्राकडे बघितलेलं नाही. भुवई कधी चढते, मान कुठल्या बाजूला कलते, बोटं कधी मिटतात, हे सगळं मला पाठ आहे. चित्रकारानं रात्री जागून काढलेली ती मधली चित्रं, जी साध्या कार्टूनमध्ये डोळ्यासमोरून निसटून जातात, ती इथे एकेक करून बघावी लागतात, कारण जीव त्यांच्यावर असतो. गेम सोपा असता तर त्या फुलाला मी पहिल्याच फटक्यात हरवलं असतं, 'छान आहे' म्हटलं असतं आणि विसरले असते.

दुसरी एक गोष्ट त्यांनी फार हुशारीनं केलीय. बॉसची, म्हणजे ज्याच्याशी लढाई चाललीय त्या कर्जदाराची, किती शक्ती उरली ते दाखवणारी पट्टी या गेममध्ये नाही. लढताना कळतच नाही आपण जिंकत आलोय की अजून निम्मंही झालेलं नाही. कळतं ते मेल्यावर. तेव्हा पत्त्यांच्या कॅटातला असावा असा एक पत्ता समोर येतो, त्यावर त्या बॉसचं थोबाड, खाली त्याचा खवचट टोमणा, आणि एक रेघ. रेघेच्या या टोकापासून त्या टोकाकडे एक छोटा कपहेड पळत जातो आणि तुम्ही जिथे मेलात तिथे थांबतो. टोकाच्या झेंड्यापासून केसभर अंतरावर तो थांबलेला बघणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच माहीत. एक लढाई दोनेक मिनिटांची, बटण दाबलं की लगेच पुन्हा सुरू. रात्री अकराला 'एकदाच' म्हणून बसलेली माणसं कुठे जातात ते ही रेघ सांगते. हा गेम 'फेअर' आहे असं खेळणारे वारंवार म्हणतात. मला वाटतं त्यातला निम्मा वाटा या पत्त्याचा आहे. तो तुम्हाला हरलात असं सांगतच नाही, कुठवर आलात ते सांगतो.

आमच्या वयाच्या लोकांना ही चव जुनीच. नव्वदच्या दशकात ज्या घरात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता त्या घरात 'काँट्रा'ची कॅसेट होतीच. तिला कॅसेटच म्हणायचो, आणि चालली नाही की फुंकर. एक गोळी लागली की मेलं. मोल्डेनहॉवर भावांनी आपल्या आवडीच्या गेमची जी नावं घेतली त्यात 'काँट्रा' आहे, 'गनस्टार हिरोज' आहे. म्हणजे रिजायनातली पोरं आणि आपल्याकडची पोरं त्या काळात एकाच सैनिकाला उड्या मारायला लावत होती. फरक एवढाच की आपल्या त्या नकली कॅसेटवर बऱ्याचदा तीस जीव आयतेच असायचे, नाहीतर हवी ती लेव्हल निवडता यायची. 'आम्ही लहानपणी काँट्रा संपवलाय' असं सांगणाऱ्या माझ्या पिढीतल्या कुणालाही मी हळूच विचारते, किती जीवांवर? बहुतेक जण विषय बदलतात.

म्हणून कठीण गेम खेळण्यातल्या मर्दुमकीची मला फारशी मातब्बरी वाटत नाही. 'कपहेड'च्या बाबतीत तर तिनं चांगलाच धुमाकूळ घातला. गेम यायच्या आधीच, २०१७च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या गेम्सकॉम प्रदर्शनात डीन ताकाहाशी या अमेरिकन पत्रकारानं तो खेळून बघितला. सव्वीस मिनिटं खेळला, अगदी वाईट खेळला, सुरुवातीच्या सरावात उडी मारून हवेतच झेप घ्यायची असते तिथेच बराच वेळ अडकला, आणि ते सगळं स्वतःच हसत हसत लोकांसमोर ठेवलं. मग जे झालं त्यात हसणं कमी होतं. ज्याला उडी मारता येत नाही त्यानं गेमवर लिहावंच का, इथून सुरू झालेली गोष्ट शिवीगाळीपर्यंत गेली. मला तो व्हिडिओ बघताना आपलाच वाटला. ट्युटोरियलची ती उडी मलाही पहिल्या दमात जमली नव्हती, फक्त मला बघायला आई आणि भाऊ होते, जग नव्हतं. आणि खरं सांगायचं तर बॉस पार केलेल्याचं मत जितकं गेमबद्दल सांगतं, तितकंच अडकलेल्याचंही सांगतं. तिथे कुठली सूचना डोळ्यात भरली नाही, हे अडकलेल्यालाच माहीत असतं.

आता 'सिंपल'बद्दल. बहुतेक लढायांना दोन पर्याय असतात, सिंपल आणि रेग्युलर. सिंपलमध्ये बॉस थोडा नरम येतो, काहींचे एकदोन टप्पेच गाळलेले असतात. जिंकलात तर टाळ्या मिळतात, करारनामा मिळत नाही. आणि सगळे करारनामे हातात असल्याशिवाय शेवटचा फासेवाला किंग डाइस आणि त्याच्यामागचा सैतान यांच्याशी लढता येत नाही. त्यांच्यासाठी सिंपल मुळातच नाही. म्हणजे सगळा गेम सिंपलवर खेळणाऱ्याला शेवटच दिसत नाही. यावर खेळाडूंमध्ये सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो, बनवणाऱ्यांचा गेम आहे, त्यांनी ठरवलेली अट पाळा, नाहीतर दुसरं काही खेळा. दुसरा म्हणतो, पैसे भरून घेतलेल्या गोष्टीचं शेवटचं पान चिकटवून का ठेवलंय?

माझा भाऊ पहिल्या तटातला, कडवा. मी बराच काळ दोन्हीकडे मान हलवली. आता माझं मत असं आहे की अवघड असण्याला माझी हरकत नाही, ते वर लिहिलंच आहे, त्या अवघडपणामुळेच चित्र वाचायला शिकले. पण सिंपलनं तेच काम बिघडवलंय. त्यात टप्पेच गाळले असतील तर ती चित्रंही गाळली गेली. ज्याचे हात हळू चालतात, ज्याची नजर कमी आहे, ज्याचं वय माझ्या आईएवढं आहे, त्याला चित्रं जास्त वेळ बघायला मिळायला हवी होती, आणि त्याला कमी चित्रं मिळाली. तीनऐवजी पाच जीव दिले असते, गोळ्यांचा वेग कमी केला असता, पण सगळे टप्पे आणि शेवट तसाच ठेवला असता, तर कुणाच्या पराक्रमाला कुठे बट्टा लागला असता? रेग्युलर आणि त्याच्यापुढचा एक्स्पर्ट होतेच की. भाऊ म्हणतो, मग सैतानाला हरवण्यात काय मजा? मी म्हणते, तुझी मजा माझ्या न जिंकण्यावर उभी आहे का? यावर तो काही बोलत नाही, पुढची लढाई सुरू करतो.

बाकी तक्रारींत मला दम वाटतो अशा दोन-तीन आहेत. धावत-गोळ्या झाडत जायच्या त्या सहा लेव्हल बॉसच्या तुलनेत फिक्या आहेत, हे जवळपास सगळे मान्य करतात. सुरुवातीला त्या नव्हत्याच. नुसत्या बॉसच्या लढाया आहेत अशी कुरकुर झाली म्हणून गेम वाढवण्यात आला, आणि ते कळतं. तिथे शत्रू पुष्कळ, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघावं असं काही नाही. नाणी गोळा करायची म्हणून जायचं. काही ठिकाणी पुढच्या बाजूला झाडंझुडपं, खांब असे काही काढून ठेवलेत की नेमकी गोळी त्यांच्याआड जाते. तिथे मात्र चित्रकार आणि खेळाडू यांच्यात चित्रकार जिंकलाय आणि जिंकायला नको होता. नशिबाचा भागही आहे. बॉस एकाच टप्प्यात वेगवेगळ्या चाली चिठ्ठी उचलल्यासारख्या काढतो, आणि दोन वाईट चाली एकत्र आल्या की शिकलेलं सगळं वाया.

आणि दोघांनी खेळणं. जाहिरातीत ते फार गोड दिसतं. प्रत्यक्षात दोघं असले की बॉसची ताकद वाढते, गोळ्या दुप्पट, आणि मगमॅन कुठला नि निळा थेंब कुठला हेच मला कळेनासं होतं. मेलेल्याचं भूत हळूहळू वर तरंगत जातं, जोडीदारानं उडी मारून त्याला टपली दिली की तो एका जीवावर परत येतो. आमच्या घरात यावरून जितकी भांडणं झाली तितकी रिमोटवरून झालेली नाहीत. भाऊ मला वाचवायला उडी मारायचा आणि स्वतः मरायचा. मग मी त्याला वाचवायला जायचे. गेमवर प्रेम असलेले लोक याला सहकार्य म्हणतात.

एक मत असं आहे जे चित्रांची स्तुती करताना सहसा मध्ये येत नाही, पण यायला हवं. तीसच्या दशकातल्या त्या कार्टूनांत कृष्णवर्णीय माणसांची जी चित्रं होती ती विटंबनेची होती. त्याच वेळी त्या कार्टूनांचं संगीत आणि नाच मात्र कृष्णवर्णीय कलावंतांकडूनच आलं. कॅब कॅलोवे या जॅझ गायकाचं गाणं आणि त्याचं ते सरकत नाचणं फ्लाइशरनं १९३२ साली 'मिनी द मूचर' या कार्टूनमध्ये वापरलं. त्याच्या नाचाच्या फिल्मवरून एकेक चित्र गिरवून घेतलं आणि पडद्यावर त्या हालचाली एका वॉलरसच्या भुताला दिल्या. माणूस गेला, चाल राहिली. 'कपहेड'मधला फासेवाला किंग डाइस त्याच ढंगात गातो-चालतो. मोल्डेनहॉवरांनी जुनं विटंबनेचं काही घेतलेलं नाही हे खरं, पण काही समीक्षकांनी २०१७ मध्येच विचारलं होतं की घेतलेलं कुणाचं होतं हेही गाळून कसं चालेल. मला तो प्रश्न बिनतोड वाटतो. डाइस पडद्यावर आला की मी अजूनही त्याच्या पायांकडे बघते, आणि कॅलोवेच आठवतो.

(त्याच वर्षांत पुण्यात काय चाललं होतं? १९३४ मध्ये प्रभातनं 'जंबू काका' हा हलत्या चित्रांचा लघुपट काढला. त्याच्याही आधी, १९१५ साली, दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या पडद्यावर नाचवल्या होत्या. आपल्याकडे एखाद्या वेड्या भावांच्या जोडीला उचलून धरायला माल अगदीच नाही असं नाही. घर गहाण टाकायची तयारी हवी.)

३० जून २०२२ ला पुढचा भाग आला, 'द डिलिशियस लास्ट कोर्स'. त्याच्याही दहा लाख प्रती दोन आठवड्यांच्या आत गेल्या. त्यात मिस चॅलिस नावाची पेला-डोक्याची बाई खेळायला मिळते. तिला तीनऐवजी चार जीव, हवेत दुसरी उडी, लोळण घेतली तर तेवढा वेळ काही लागत नाही, आणि गुलाबी वस्तूवर नुसती झेप टाकली तरी टपली बसते, वेळ साधायची कटकट नाही. जुन्या बेटांवरच्या सगळ्या लढायाही तिला घेऊन खेळता येतात, सगळे टप्पे शाबूत, करारनामा मिळतो, शेवट उघडा. माझी पाच वर्षांची मागणी त्यांनी कुठल्याही घोषणेशिवाय एका बाईच्या रूपात पुरी केली असं मी समजते. खेळाडूंचं काय? निम्मे म्हणाले, आता कुठे गेम खेळता येतो. निम्मे म्हणाले, हिच्यामुळे सगळं पाणचट झालं.

भाऊ अर्थातच दुसऱ्या निम्म्यात. मी चॅलिसला घेऊन त्या मिठाईवाल्या सरदारणीला पाडलं तेव्हा त्यानं मान हलवून "हे धरत नाहीत" असं जाहीर केलं. आई म्हणाली, "का रे, तिला उडी तुझ्यापेक्षा चांगली येते म्हणून?" सध्या मी किंग डाइसच्या पटावर अडकलेय आणि भाऊ मागे सोफ्यावर बसून मला पार्श्वभूमीतल्या गोष्टी दाखवतो. तिथल्या गालिच्यावर म्हणे पत्त्यांची नक्षी आहे. असेल.